उष्टी फुलं

सासूबाईंचं आणि माझं भांडण असं कधी झालं नाही. जे काही झालं ते फुलांवरून झालं, आणि त्यातही तिसरा पक्ष मधमाश्यांचा होता. मी मधमाश्यांची वकील, सासूबाई बाळकृष्णाच्या. माझे यजमान, म्हणजे ज्यांच्यामुळे हा सगळा प्रकार सुरू झाला, ते चहाचा कप घेऊन दोन्ही बाजूंना "बरोबर आहे" म्हणत बसायचे.

भोपाळच्या नेहरू नगरात आमचं घर आहे. पुढे एक मोटार लावून वर चार बायका हळदीकुंकवाला उभ्या राहतील एवढं आवार. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत असे. सगळी नोकरी मी फळ्यावर रंगीत खडूंनी परागीभवन काढलं. फळ्यावरच्या माझ्या माशीला सहाच्या सहा पाय असायचे, पंखांवर रेषा असायच्या. घरी मात्र माझ्या बागेत माशी म्हणून फिरकत नव्हती. पिटुनिया, दुहेरी पाकळ्यांच्या झेंडूसारखं काहीतरी, नर्सरीवाल्यालाही नाव माहीत नसलेलं एक जांभळं झुडूप, सगळं कसं छान फुललेलं आणि शुकशुकाट.

निवृत्तीनंतर एका व्याख्यानाला गेले. बोलणारी मुलगी माझी विद्यार्थिनी शोभेल अशा वयाची. तिने सांगितलं की या परदेशी शोभेच्या फुलांपैकी बऱ्याच फुलांत मधमाश्यांना खायला काहीच नसतं, लग्नाच्या हॉलबाहेरच्या थर्माकोलच्या मोदकासारखं. मधमाश्या हव्या असतील तर इथल्या मातीतली झाडं लावा. कोरांटी, अडुळसा, गोकर्ण, तुळस, धायटी, निर्गुडी. हे सगळं मीच मुलांना शिकवलं होतं, पण मुलांनी जसं ऐकलं तसंच मीही ऐकलं होतं, परीक्षेपुरतं.

दुसऱ्या दिवशी कोटऱ्याच्या नर्सरीत जाऊन कोरांटी मागितली. नर्सरीवाला हसला. "मैडम, ये कोई बेचने की चीज़ है? नाले के किनारे खड़ी है, उखाड़ लो." मग आम्ही केरवा धरणाच्या रस्त्याला गेलो. मी खुरपं घेऊन चढावर, आणि यजमान पिशवी धरून रस्त्याच्या कडेला, गाड्यांकडे तोंड करून, या बाईचा आणि माझा काही संबंध नाही अशा चेहऱ्याने उभे. मंडीदीपच्या फॅक्टरीत त्यांनी जन्मभर मालाची तपासणी केली होती. निवृत्तीनंतर बायकोच्या तणाची पिशवी धरावी लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

वर्ष-दोन वर्षांत आवाराचं रान झालं. शेजारी एक वकीलसाहेब राहतात. त्यांच्याकडे हिरवळ आहे, कापलेली, कडा आखलेल्या. त्यांनी कुंपणावरून एकदा काळजीने विचारलं, "भाभीजी, माली छोड़ गया क्या?" मी म्हटलं, नाही, ही बाग मधमाश्यांसाठी आहे. ते "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि घरात जाऊन त्यांनी त्या बाजूची खिडकी लावून घेतली.

पण माश्या आल्या. आधी फुलोरी, ती लहानशी, तांबूस. मग काळ्या पोटावर निळे पट्टे असलेली एक माशी, जी फुलाला धरून गुणगुणते तेव्हा सगळं फूल थरथरतं. मी धावत जाऊन यजमानांना बोलावलं. ते पेपर हातात घेऊन आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "चावते का?" मला इतका आनंद झाला होता की मी त्यांना माफ केलं.

त्याच हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. दवाखाना, स्टेंट, नळ्या, सगळं झालं. सासूबाई ग्वाल्हेरहून आल्या त्या थेट हबीबगंज स्टेशनवरून दवाखान्यात, हातात पिशवी तशीच. काचेच्या दाराबाहेर बसून त्यांनी बाळकृष्णाला लाखोली बोलली. मुलगा घरी येऊ दे, येत्या चातुर्मासात लाख फुलं वाहीन, घरची, विकतची नाहीत.

मुलगा घरी आला. डॉक्टर म्हणाले स्टेंटमुळे आला, सासूबाई म्हणाल्या बाळकृष्णामुळे. मी विज्ञानाची बाई, मला स्टेंट पटला. पण तो काचेच्या दाराबाहेरचा बाक मला आठवतो. त्या बाकावर मी स्टेंटचा विचार करत नव्हते, मी सासूबाईंचा हात धरून बसले होते. त्यामुळे त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि आषाढात म्हणाल्या, "उद्यापासून सुरू करते", तेव्हा मी "हो आई" म्हणाले. फुलं कुठून यायची याचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी उठून बाहेर आले तर बाग साफ. गोकर्णाच्या वेलावर निळा ठिपका राहिला नव्हता, तगर बोडकी झाली होती, तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्या खुडलेल्या. नंतर कोरांटी फुलली, तिचंही तेच. सासूबाई काठी टेकत उजाडण्याच्या आधीच फेरी मारून गेल्या होत्या. काही वेळाने फुलोरी माश्या आल्या, या झुडपावरून त्या झुडपावर गेल्या आणि परत गेल्या. रविवारी बँकेत आलेली माणसं जशी दाराशी थोडी घुटमळून जातात, तशा.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी एवढ्या खटपटीने मधमाश्यांसाठी जे जे लावलं होतं, ते नेमकं देवाच्या आवडीचं निघालं होतं. इथल्या माश्या आणि इथले देव पिढ्यानपिढ्या एकाच बागेत जेवलेले. पिटुनिया असते तर सासूबाईंनी हात लावला नसता. कोपऱ्यात एक कुंडी उरली होती, तिच्याकडे बघून त्या म्हणाल्या होत्या, "हे काय फालतू? बाळकृष्णाला प्लास्टिक नको."

मी सुचवून बघितलं. "आई, जरा उशिरा तोडत जा ना. नऊ वाजेपर्यंत माश्यांचं होऊन जातं, मग सगळी तुमचीच."

"मग ती जुठी नाही का होणार?"

"कशी?"

"माशी तोंड घालून गेली, फूल उष्टं झालं. उष्टं देवाला देतात का? म्हणून तर मी लवकर उठते."

"मग पंचामृतात मध कसा चालतो? तो तर माशीच्या पोटातून येतो."

"मध शुद्ध असतो."

"अहो पण पोटातून..."

"माशीच्या पोटातून येतो म्हणूनच शुद्ध. तुझ्या-माझ्या पोटातून आला असता तर गोष्ट वेगळी होती."

यजमान म्हणाले, "बरोबर आहे."

इतकी वर्षं वर्गात उलटे प्रश्न विचारणारी मुलं मी गप्प केली होती. या बाईपुढे माझं काही चालेना. आणि खरं तर चालवायचंही नव्हतं. एका संध्याकाळी, देवापुढे वाती वळताना त्या म्हणाल्या, "हे मी असताना पुरं झालं पाहिजे. माझ्यामागे तुम्ही कोणी करणार नाही, मला माहिती आहे. आणि मग माझ्या पोराच्या नावावर देवाचं देणं अडकून राहील." वातीचं टोक त्यांच्या चिमटीत येत नव्हतं. पुढचा चातुर्मास त्या धरूनच चालत नव्हत्या.

तरी मी पूर्ण गप्प बसले असंही नाही. माश्या फिरकत नव्हत्या म्हणून काकडीच्या वेलावर बोटभर काकड्या धरायच्या, पिवळ्या पडायच्या आणि गळायच्या. मी त्या गळलेल्या काकड्या ओळीने ओट्यावर मांडून ठेवत असे, सासूबाईंना दिसतील अशा. त्या बघायच्या आणि म्हणायच्या, "पाणी कमी पडतंय."

शिवाय एवढी बाग ओरबाडूनही लाखोली पुढे सरकत नव्हती. आमच्या झुडपांची ऐपत ती काय! मोजणी सासूबाई स्वतः करायच्या, एकेक फूल ताम्हनात ठेवत, आणि मध्येच कोणी हाक मारली तर पहिल्यापासून. यजमानांना ते बघवेना. त्यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. "आई, शंभर फुलं तोल, मग बाकीची नुसती वजनावर मोजू. फॅक्टरीत बोल्ट असेच मोजतात."

"देव काय किराणा दुकानात बसलाय?" सासूबाई म्हणाल्या. काटा परत गेला.

उपाय मलाच दिसला, आणि तो दिसायला मला श्रावण उजाडावा लागला. वकीलसाहेबांच्या कुंपणालगत जुना पारिजातक आहे. त्याची एक जाड फांदी आमच्या आवारात आलेली. संध्याकाळी उमलतो, पहाटे सगळा सडा आमच्याकडे. हे एकच फूल असं, की जमिनीवर पडलेलं देवाला चालतं. ती फुलं दरवर्षी मी झाडूने गोळा करून केळीच्या बुंध्याशी टाकत होते! मी सासूबाईंना म्हटलं, लाखोली प्राजक्ताची करा, ढीग पडतात.

त्यांनी कुंपणाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "झाड दुसऱ्याचं. मी घरची म्हणून बोललेय."

यजमानांनी वकीलसाहेबांनाच विचारलं. त्यांनी कुंपणापाशी उभं राहून निकाल दिला, "जो आपके आँगन में गिरा, वो आपका." फी घेतली नाही.

तरी सासूबाई वळेनात. प्राजक्त लवकर सुकतो. मांजर फिरतं तिथून. देठाचा रंग हाताला लागतो. रोज नवीन कारण, आणि रोज कोरांटी बोडकी. आता माझा पारा चढायला लागला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा भांडण करायचं असं ठरवून मी एका पहाटे त्यांच्याही आधी उठले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले.

सासूबाई बाहेर आल्या. परडी हातात होती. आधी प्राजक्ताखाली गेल्या, सड्याच्या अगदी कडेला. काठी कुंपणाच्या भिंतीला टेकवली, एक हात भिंतीवर ठेवला आणि वाकल्या. दुसरा हात गुडघ्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तिथेच. मग त्यांनी मान वळवून घराकडे बघितलं, कोणी पाहत नाही ना म्हणून. काठी उचलली आणि कोरांटीकडे गेल्या, कारण कोरांटी कमरेएवढी होती.

मला फार वाईट वाटलं. भांडायला सज्ज होऊन उभी राहिलेली मी, आता त्या तयारीचं काय करायचं ते कळेना. मांजर, देठाचा रंग, सगळी कारणं एका न वाकणाऱ्या कमरेवर उभी होती, आणि ते त्या मेल्या तरी सांगणार नव्हत्या.

चहाच्या वेळी मी सहज बोलल्यासारखं म्हटलं, "आई, तो प्राजक्ताचा सडा मला रोज उचलावाच लागतो. खाली मी शंखपुष्पी लावलीय, दबून जाते. माश्यांचं खाणं आहे ते."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "उचलतेसच तर परडीत टाकत जा. फेकू नकोस."

"बरं."

"पण आंघोळ करून. पारोशा हाताची नको."

एवढं बोलून त्यांनी तह केला. कोरांटी माश्यांना, प्राजक्त बाळकृष्णाला, आणि मधली हमाली मला. देवाधर्माच्या गोष्टीवर मान उडवणारी मी रोज अंधारात गार पाण्याने आंघोळ करून, पदर खोचून, ओल्या मातीवर उकिडवी बसून फुलं वेचायला लागले. सासूबाई ओट्यावर खुर्ची टाकून बसायच्या आणि काठीने दाखवायच्या, "तिकडे कुंडीमागे राहिली." यजमानांनी झाडाखाली चादर अंथरायची सूचना केली. ती एका वाक्यात फेटाळली गेली, "झोपायच्या चादरीवरची फुलं?" नवी कोरी चादरही चालली नाही, कारण चादर ती चादर. जमीन शुद्ध. त्या जमिनीवर काय काय चालतं हे मला जीवशास्त्रामुळे माहीत होतं, तरी मी तिथूनच वेचत राहिले.

एक गोष्ट मात्र मला राहवेना. प्राजक्तावर रात्रभर पतंग येतात, लांब सोंडेचे, एकेका फुलात सोंड घालून जातात. म्हणजे सासूबाईंच्या हिशेबाने साऱ्या भोपाळात याच्याइतकं उष्टं फूल दुसरं नव्हतं. एकदा कंबर जास्त दुखत होती, त्या रागात मी ते सांगून टाकलं.

सासूबाई फुलं मोजत होत्या. मोजणी न चुकवता म्हणाल्या, "चातुर्मासात देव झोपलेला असतो. रात्री कोण आलं, कोण गेलं, त्याला काय करायचंय?"

मी उरलेली परडी त्यांच्यापुढे सरकवली.

माश्या हळूहळू परत आल्या. निळ्या पट्ट्यांची माशी कोरांटीत डोकं घालून पुन्हा थरथरायला लागली. काकड्या गळायच्या थांबल्या. ताम्हनातले ढीग वाढत गेले आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर, परीक्षेत शेवटचा प्रश्न येतोय अशा मुलीसारखी, घाई दिसायला लागली. तेवढ्यात दिवाळीची रंगरंगोटी आली. एका सकाळी कुंपणापलीकडे शिडी लागली, शिडीवर माणूस आणि माणसाच्या हातात करवत. वकीलसाहेबांना भिंत रंगवायची होती आणि फांदी आड येत होती.

मी धावले. मी त्यांना पतंगांबद्दल सांगितलं, माश्यांबद्दल सांगितलं, इथली झाडं आणि इथले कीटक यांच्या हजारो वर्षांच्या नात्याबद्दल सांगितलं. इतकं चांगलं मी वर्गातसुद्धा शिकवलं नसेल. वकीलसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "भाभीजी, बात आपकी सही है," ते म्हणाले, आणि शिडीवरच्या माणसाला खूण केली.

मागून काठीचा आवाज आला. सासूबाई कुंपणापर्यंत कधी आल्या कळलं नाही. ग्वाल्हेरच्या ठसक्यात त्या एवढंच म्हणाल्या, "वकीलसाहब, मन्नत का पेड़ है. बेटे की जान की मन्नत है. थोड़ी ही बाकी है."

वकीलसाहेबांनी चटकन पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले. "माताजी, पहले बताना था!" शिडी उतरली. भिंतीचा तेवढा तुकडा आजही जुन्या रंगाचा आहे. नंतर त्यांच्या घरातून एक वाटी प्रसाद मागायलाही माणूस आला.

मी तेव्हापासून शहाणी झाले. गल्लीत कुठे करंज तोडायला निघाले, कुठे शेवग्यावर कुऱ्हाड आली, की मी परागीभवनाचा प सुद्धा काढत नाही. हळू आवाजात म्हणते, या झाडाला कोणाचा तरी नवस आहे म्हणतात. मागच्या गल्लीतल्या करंजाला तर आता कोणीतरी लाल धागा बांधून गेलंय. त्याच्यावर चैत्रात माश्यांची जत्रा असते, आणि सोसायटीतलं कोणी त्याला बोट लावत नाही.

तुळशीच्या लग्नाच्या आधी लाखोली पुरी झाली. शेवटची ओंजळ सासूबाईंनी उभं राहून वाहिली. मुलाला समोर बसवलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पहिल्यांदा माझ्यादेखत रडल्या. यजमानही रडले. मी पंचामृतात मध घालत होते, तो जरा जास्तच पडला. जेवणात आमच्या वेलावरच्या काकडीची कोशिंबीर होती. सासूबाई खाऊन म्हणाल्या, "गोड आहे. देवाने ऐकलं बघ."

"माश्यांनी ऐकलं," मी म्हटलं.

"बरोबर आहे," यजमान म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीने जाग आली. आंघोळ झाली, पदर खोचला गेला, आणि परडी घेऊन बाहेर आल्यावर लक्षात आलं की आता वेचायचं कारण नाही. ओट्यावर सासूबाईही शाल गुंडाळून खुर्चीत बसलेल्या, त्याही सवयीनेच. प्राजक्ताचा बहर ओसरला होता, तरी थोडी फुलं पडली होती. मी वाकायला गेले आणि कमरेत अशी कळ आली की भिंतीला धरून तशीच उभी राहिले. हात गुडघ्यापाशी थांबलेला.

मागे बघितलं. सासूबाई पाहत होत्या. मग त्यांनी नजर दुसरीकडे वळवली, कोरांटीकडे, जसं काही बघितलंच नाही. उजाडलं, कोरांटीवर पहिली माशी आली.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "मी काय म्हणते, पुढच्या चातुर्मासात अजून एक लाखोली बोलू का?"

"आता कोणासाठी, आई?"

"तुझ्या कमरेसाठी."